केनियाला मिशनसाठी जाताना मलेरियाच्या गोळ्या घ्याव्यात, की प्रार्थनेवर विसंबावं?

जय ख्रिस्त. तू माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीत लिहिते.

तुझा प्रश्न थोडक्यात असा. तू नाशिकची, वय चोवीस, एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स. तुमच्या मंडळीच्या युवक संघातले काही जण जूनमध्ये दोन आठवड्यांसाठी पश्चिम केनियात, काकामेगाच्या बाजूला चालले आहेत. तिथे आरोग्य शिबिर, मुलांचे वर्ग आणि घरभेटी असा कार्यक्रम आहे. गटाचे पुढारी म्हणतात, "प्रभूच्या कामाला निघालोय, मलेरियाच्या गोळ्या आणि विमा म्हणजे अल्पविश्वास. एकवीस दिवस उपास-प्रार्थना करू, तो राखील." आई म्हणते, गोळ्या नसतील तर जायचं नाही. तू दोघांच्या मध्ये अडकली आहेस. वर तुझ्या मनात आणखी एक गोष्ट आहे. इतके दिवस प्रार्थना करूनही "जा" असा स्पष्ट आवाज तुला ऐकू आलेला नाही, आणि आपलाच विश्वास कमी पडतोय की काय असं तुला वाटतंय.

मी मिशन हॉस्पिटलात शिकलेली नर्स. पुढे आपल्याकडून पूर्व आफ्रिकेत जाणाऱ्या गटांची तयारी करून घेण्याचं काम माझ्याकडे आलं आणि ते अजून चालू आहे. त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलू शकते. तुला कोणती गोळी चालेल हे मात्र मी इथून सांगू शकत नाही. ते तुझ्या तब्येतीवर, चालू औषधांवर, ॲलर्जीवर अवलंबून आहे आणि ते तुला तपासणारे डॉक्टरच ठरवतील. दौरा करावा की नाही हेही तुमचे यजमान कोण आहेत, त्यांनी तुम्हाला कशासाठी बोलावलंय, यावर बरंच ठरतं. पण गोळी घेणं हा अविश्वास आहे का, या प्रश्नाचं उत्तर परिस्थितीवर अवलंबून नाही. तो अविश्वास नाही.

तुमच्या पुढाऱ्यांनी बहुधा स्तोत्र ९१ वाचलं असेल. मरीचं भय बाळगू नकोस, देव आपल्या दूतांना तुझ्याविषयी आज्ञा देईल, ते तुला हातांवर झेलतील. माझंही ते लाडकं स्तोत्र आहे. रात्रपाळीत किती वेळा म्हटलंय. पण शुभवर्तमानात हेच स्तोत्र कोणाच्या तोंडी आलंय ते बघ. सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर उभं करतो आणि हीच वचनं ऐकवून म्हणतो, खाली उडी टाक. येशू स्तोत्र खोटं ठरवत नाही. परमेश्वराची परीक्षा पाहू नकोस, एवढंच तो उत्तर देतो आणि उडी टाकत नाही. जिथे पायऱ्या आहेत तिथे पायऱ्यांनी उतरायचं. पश्चिम केनियात जूनमध्ये गोळीशिवाय, मच्छरदाणीशिवाय झोपणं आणि देव राखील म्हणणं, हे त्या शिखरावरून उडी टाकण्याच्या फार जवळ जातं. तुझ्या पुढाऱ्यांचा हेतू चांगला आहे यात मला शंका नाही. पण वचन आपल्या बाजूचं आहे म्हणून कृती बरोबर ठरत नाही, हे त्या प्रसंगातून येशूनेच दाखवलंय.

पौलाकडे बघ. त्याच्या अंगाला लागलेले रुमाल नेऊन ठेवले तरी आजारी बरे होत, असं प्रेषितांची कृत्ये सांगतं. तोच पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहिताना म्हणतो, त्रफिम आजारी पडला म्हणून त्याला मिलेतात ठेवून आलो. एपफ्रदीत नावाचा सोबती तर पौलाची सेवा करताना मरणाला टेकला होता. तीमथ्याच्या पोटाच्या तक्रारीवर पौल त्या काळचा उपाय सुचवतो, थोडा द्राक्षारस घेत जा. आणि तुरुंगातून लिहिताना त्रोवसात कार्पाकडे राहिलेला झगा मागवून घेतो, कारण हिवाळा तोंडावर होता. या माणसांचा विश्वास कमी होता असं म्हणण्याची कोणाची हिंमत आहे? मंडळीतलं कोणी आजारी पडलं की लगेच त्याच्या विश्वासाचा ताप मोजायला बसतो आपण. पौलाने त्रफिमाबद्दल असा एक शब्दही लिहिलेला नाही.

माझ्या गटांना मी सगळ्यांत जास्त नहेम्या वाचायला लावते. यरुशलेमेचा कोट पडल्याची बातमी त्याला परक्या राजाच्या चाकरीत असताना किसलेव महिन्यात कळली. राजासमोर तो बोलला तो नीसान महिन्यात. मधले चार महिने रडणं, उपास, प्रार्थना. इथवर तुमच्या पुढाऱ्यांचा आणि त्याचा रस्ता एकच आहे. पण राजाने "काय हवं?" असं विचारलं तेव्हा नहेम्याची यादी तयार होती. किती दिवस लागतील, वाटेतल्या अधिकाऱ्यांच्या नावाने कोणती पत्रं हवीत, लाकूड कोणाच्या रानातून मिळेल, सगळं त्याने आधीच योजून ठेवलं होतं. राजाच्या प्रश्नाला उत्तर देण्याआधीच्या क्षणातही त्याने मनात प्रार्थना केली. पुढे शत्रू उठले तेव्हा त्यांनी देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा बसवला. दोन्ही गोष्टी एकाच वचनात आहेत. मला वाटतं, चार महिन्यांच्या प्रार्थनेनेच त्याला ती यादी सुचवली. खरी प्रार्थना माणसाला गप्प बसवत नाही, काय करायचं ते दाखवून कामाला लावते.

आपल्याच मातीतलं उदाहरण हवं असेल तर केडगावला जा. १९०५ साली मुक्ती मिशनात जे आत्मिक संजीवन (रिव्हायव्हल) घडलं त्याची साक्ष आपल्या मंडळ्यांत अजून देतात, पंडिता रमाबाईंनी मुलींचे प्रार्थनागट बसवले होते तेही सांगतात. पण त्याच रमाबाईंनी तिथे विहिरी खणल्या, शेती केली, माग बसवले, छापखाना घातला. दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींना रोजचं जेवण लागायचं. त्यासाठी त्या प्रार्थनाही करत आणि धान्याचा हिशोबही ठेवत.

आता गोळ्यांचं. इथे मी नर्स म्हणून बोलते.

काकामेगा आणि व्हिक्टोरिया सरोवराच्या भोवतालचा भाग हा केनियातला सर्वांत जास्त मलेरियाचा पट्टा. नैरोबी उंचावर आहे, तिथे धोका कमी, म्हणून नैरोबीत राहून आलेले नातेवाईक "काही होत नाही गं" म्हणतील. त्यांचं ऐकू नकोस. मार्च ते मे तिकडे मोठा पाऊस असतो आणि त्याच्या मागोमाग ताप वाढतो, म्हणजे नेमके तुम्ही जाणार तेव्हा. तिथला मलेरिया मुख्यतः फाल्सिपेरम जातीचा. उपचार उशिरा झाले तर तो दोन-तीन दिवसांत मेंदूपर्यंत जाऊ शकतो. तिथल्या मोठ्या माणसांना वारंवार ताप येऊन थोडी प्रतिकारशक्ती आलेली असते, नाशिकहून गेलेल्याला ती नसते. भारतात राहतो म्हणून आपल्याला मलेरियाची सवय आहे, हा समज चुकीचा आहे.

प्रतिबंधक गोळ्यांचे साधारण तीन पर्याय डॉक्टर तुझ्यापुढे ठेवतील. डॉक्सीसायक्लिन रोज एक, निघण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू करून परतल्यावर चार आठवडे. ती भरपूर पाण्याबरोबर घ्यायची, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही, आणि उन्हात त्वचा लवकर भाजते हे लक्षात ठेवायचं. गरोदर बाईला ती चालत नाही. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा, पण निदान दोन आठवडे आधी सुरू करावी लागते. नैराश्य, फिट्स असा काही इतिहास असेल तर ती टाळतात. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज एक, परतल्यावर सातच दिवस घ्यावी लागते, पण महाग पडते. क्लोरोक्विन आपल्याकडे घरोघरी माहीत असली तरी आफ्रिकेतल्या फाल्सिपेरमवर तिचा भरवसा नाही. गटातल्या कोणाकडे जुनी पाकिटं असतील तर ती घरीच राहू देत. कोणतीही गोळी शंभर टक्के राखत नाही, म्हणून औषध लावलेली मच्छरदाणी, संध्याकाळनंतर पूर्ण बाह्या आणि डास पळवणारं मलम हे सगळं हवंच. काकामेगा साधारण दीड हजार मीटर उंचीवर आहे. संध्याकाळी गारवा असतो आणि जूनमध्ये नैरोबीत तर चक्क थंडी असते. तेव्हा स्वेटर घे, पूर्ण बाह्यांचा प्रश्न तिथेच सुटतो.

दुसरी गोष्ट पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची लस. हिच्यामुळे बरेच गट ऐन वेळी अडतात. केनियात उतरताना भारतातून येणाऱ्याला तिचा दाखला सहसा मागत नाहीत, म्हणून लोक ती घेत नाहीत. पण परत येताना आपलं सरकार मागतं, कारण केनिया आपल्या यादीत पीतज्वराचा देश आहे. दाखला नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात सहा दिवसांपर्यंत बसावं लागतं. लस टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला लागू होतो आणि आता तो आयुष्यभर चालतो. ती ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि वेळ आधी घ्यावी लागते. त्यासाठी निदान दोन महिने आधी सगळ्या गटाची नावं नोंदवा. अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी आणि साठीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांशी बोलावं. टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि धनुर्वाताच्या लसींबद्दलही त्याच भेटीत विचारून घ्या.

विमा मी सक्तीचाच धरते, आणि त्यात रुग्णाला हलवण्याचा खर्च धरलेला असला पाहिजे. काकामेगात काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं रुग्णालय आहे, त्याच्यापुढची मोठी सोय किसुमू किंवा एल्डोरेटला, आणि फारच गंभीर झालं तर नैरोबी. तिथल्या विल्सन विमानतळावरून ॲम्रेफ फ्लाइंग डॉक्टर्सची रुग्णविमानं उडतात, पण त्यांचा खर्च कोण देणार हे आधी ठरलेलं असावं लागतं. नाहीतर तो खर्च तुमच्या यजमानांच्या गळ्यात पडतो. आपल्या विश्वासाची किंमत एका गरीब मंडळीने दानपेटीतून भरावी, हे मला पटत नाही.

तू नर्स आहेस म्हणून आणखी एक. भारतातली नोंदणी केनियात चालत नाही. तिथे रुग्णाला हात लावायचा तर नर्सिंग कौन्सिल ऑफ केनियाची तात्पुरती परवानगी लागते. डॉक्टरांची कौन्सिल वेगळी. इथून खोकी भरून औषधं न्यायची असतील तर फार्मसी अँड पॉयझन्स बोर्डाची मंजुरी लागते. हे सगळं यजमान रुग्णालयामार्फत, काही महिने आधी करावं लागतं. वेळ उरला नसेल तर शिबिराचं स्वरूप बदला. तिथल्या नर्सच्या हाताखाली हात धुण्याचं, क्षारपाण्याचं, बाळंतपणानंतरच्या काळजीचं शिक्षण देता येईल. माझं स्पष्ट मत आहे की दोन दिवस रक्तदाबाच्या गोळ्या वाटून निघून जाणारं शिबिर कोणाच्याच उपयोगाचं नाही, तिसऱ्या महिन्यात त्या बाईला गोळी कोण देणार? प्रवासाची परवानगीही २०२४ पासून ऑनलाइन आधीच काढावी लागते, तिच्या अर्जात कारण खरं लिहा. सुवार्तेच्या कामाला खोट्या कागदावर जायचं नाही, मग पुढारी काहीही म्हणोत. आणि सामान प्लास्टिकच्या कॅरीबॅगांत बांधू नका, केनियात त्यांच्यावर २०१७ पासून कडक बंदी आहे.

तू नाशिकची असल्यामुळे एक गोष्ट तुला सांगायलाच हवी. नाशिककरांना शरणपूर रोड ठाऊक असतो, पण शरणपुरात काय होतं ते फार थोड्यांना माहीत असतं. एकोणिसाव्या शतकात तिथे चर्च मिशनरी सोसायटीची ख्रिस्ती वसाहत होती आणि तिच्यात आफ्रिकन मुलांसाठी आश्रम होता. अरबी समुद्रात गुलामांची गलबतं इंग्रज आरमार पकडायचं, त्यातली सोडवलेली मुलं मुंबईला उतरवायचे, आणि त्यातली काही नाशिकला यायची. तिथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणाऱ्या मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टनच्या शेवटच्या प्रवासात होता, आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत लिव्हिंग्स्टनची शवपेटी धरणाऱ्यांत होता. बाकीच्यांपैकी कित्येक जण मोंबासाजवळच्या राबाई आणि फ्रियर टाउनला परतले आणि तिथल्या मंडळीचा पाया झाले. म्हणजे नाशिकहून केनियाला जाणारी तुम्ही पहिली माणसं नाही. तुमच्या आधी जे गेले ते स्वतः आफ्रिकन होते.

त्यांच्यातल्या विल्यम जोन्सची गोष्ट मी प्रत्येक गटाला सांगते, कारण ती तुझ्या प्रश्नाला भिडते. १८८५ मध्ये बिशप जेम्स हॅनिंग्टन दोनशेवर माणसांचा तांडा घेऊन राबाईहून युगांडाकडे निघाले. नाशिकला वाढलेले जोन्स, नुकतेच डीकन (पाळकपदाची पहिली पायरी) झालेले, त्यांच्या बरोबर होते. क्वा सुंडूला, म्हणजे आजच्या मुमियासला, हॅनिंग्टननी तांड्याचा मोठा भाग जोन्सच्या हवाली केला आणि पन्नासेक माणसं घेऊन ते पुढे गेले. मुमियास काकामेगा काउंटीतच आहे, कदाचित तुम्ही तिथून जाल. हॅनिंग्टन पूर्वेच्या वाटेने शिरले. त्या दिशेने येणाऱ्या परक्यांचं बुगांडाच्या, म्हणजे आजच्या युगांडातल्या एका राज्याच्या, दरबाराला भय होतं. २९ ऑक्टोबरला राजाच्या हुकमाने त्यांना आणि त्यांच्या बहुतेक सोबत्यांना मारलं. हॅनिंग्टन प्रार्थना करणारे होते. कैदेतल्या शेवटच्या दिवसांत तिसाव्या स्तोत्राने आपल्याला धरून ठेवलं, असं त्यांच्या रोजनिशीत आहे. तिकडे जोन्सपर्यंत बातमी आली. त्यांनी वाट पाहिली, खात्री करून घेतली, आणि मग उरलेला सगळा तांडा शेकडो मैल चालवत १८८६ च्या सुरुवातीला राबाईला परत आणला. अन्न, पाणी, भीती, आजारी माणसं, सगळं त्यांच्या अंगावर होतं.

दोघंही प्रार्थना करणारे. एक मारला गेला, एक परतला. हॅनिंग्टनचा विश्वास कमी पडला असं त्यांच्या कबरीसमोर कोणी म्हणेल का? म्हणूनच "विश्वास असेल तर काही होणार नाही" हे वाक्य मला सहन होत नाही. ते आज धीर देतं, आणि उद्या गटातली एखादी मुलगी तापाने फणफणली की तेच वाक्य तिच्यावर उलटतं. ती आजारीही पडते आणि दोषीही ठरते. प्रार्थनेवर भरवसा म्हणजे मला जे समजतं ते असं: जे माझ्या हातात आहे ते मी नीट करीन, जे नाही ते देवाच्या हाती देईन, आणि निकाल माझ्या मनासारखा लागला नाही तरी तो मला सोडून गेला असं मानणार नाही.

मग एकवीस दिवसांचा उपास करायचा की नाही? जरूर करा, पण तू रुग्णालयात दिवसपाळी-रात्रपाळी करतेस, तेव्हा शरीराला झेपेल असा. निघण्याच्या आठवड्यात पूर्ण उपास मी करू देत नाही. अशक्त अंगाने लांबचा प्रवास आणि नवं पाणी, दोन्ही सोसत नाही. आणि एकवीस दिवस फक्त "आम्हाला राख" एवढंच मागण्यात घालवू नका. तुमच्या यजमान पाळकांना आताच लिहा, तुमची मंडळी सध्या कशासाठी प्रार्थना करतेय ते विचारा आणि त्या विषयांसाठी प्रार्थना सुरू करा. त्यांचं उत्तर येईल तेव्हा तुमच्या कार्यक्रमाची निम्मी कल्पना बदलेल, असा माझा अनुभव आहे. शिबिर त्यांना नकोच असतं, मुलींच्या शाळेत नर्सिंगबद्दल बोलायला कोणीतरी हवं असतं, असं किती वेळा झालंय. गटातल्या प्रत्येकाने एकेका यजमान कुटुंबाचं नाव घेऊन रोज प्रार्थना करावी. गटात ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याच्यासाठीही. परदेशात गट मोडतो तो बहुतेक वेळा मलेरियाने मोडत नाही, भांडणाने मोडतो. आणि घरी राहणाऱ्यांपैकी चार-पाच जण ठरवून घ्या. त्यांना रोज खरी बातमी जाईल, कोण आजारी आहे, कोण रडलं, पैसे कुठे अडलेत. फक्त गोड बातम्या कळवल्या तर ते प्रार्थना तरी कशासाठी करतील? केनियाचं घड्याळ आपल्या अडीच तास मागे आहे, त्यामुळे आपल्या रात्री साडेनऊच्या प्रार्थनेला त्यांचे संध्याकाळचे सात वाजलेले असतात. तीच वेळ दोन्हीकडे धरा.

आणि कुठे चाललोय याची जाणीव ठेवा. २०१९ च्या जनगणनेनुसार केनियात शंभरातले पंच्याऐंशी लोक ख्रिस्ती आहेत, आपल्या महाराष्ट्रात जेमतेम एक. काकामेगाच्या शेजारी कैमोसीला क्वेकर या ख्रिस्ती पंथाचं मिशन १९०२ पासून आहे, आणि जगातल्या क्वेकरांची फार मोठी संख्या आज याच भागात राहते. तिथल्या मंडळ्यांत रात्र-रात्र जागून प्रार्थना चालते, आपली बारा वाजता संपणारी रात्रीची प्रार्थना त्यांना लहान वाटेल. तेव्हा शिकवायला चाललोय ही भाषा सोडा, पाहुणे म्हणून जा. ताटात उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) आणि सुकुमा विकी (हिरवी पालेभाजी) येईल, ते आनंदाने खा. येशूने बहात्तर जणांना धाडलं तेव्हा हेच सांगितलं होतं, पुढे ठेवतील ते खा. आपल्या मसाल्याच्या डब्या काढून बसू नका. तिथे भारतीय माणूस म्हणजे दुकानदार, मालक अशी जुनी ओळखही आहे. ती रेल्वेच्या काळापासूनची, सगळीच गोड नाही. घरकाम करणाऱ्या बाईशी, ड्रायव्हरशी तुम्ही कसं बोलता याकडे लोकांचं लक्ष असेल. मुलांचे फोटो आईबापांना विचारल्याशिवाय काढू नका, आणि काढले तरी "गरीब आफ्रिका" म्हणून इकडे दाखवू नका.

आता तुला न आलेल्या आवाजाबद्दल. सगळ्यांनाच तो येत नाही. अंत्युखियाच्या मंडळीत पौल आणि बर्णबाला निवडलं ते सगळे मिळून उपास-प्रार्थना करत असताना, एकट्याच्या खोलीत नव्हे. पुढे पौलाला बिथुनियाकडे जायचं होतं, वाट बंद झाली, त्रोवसापर्यंत गेल्यावर मासेदोनियाची हाक आली. तो चालत होता म्हणून त्याला वळता आलं. तू स्वतःला काही साध्या गोष्टी विचार. रुग्णालय रजा देतंय का, की खोटं सांगून काढावी लागेल? खर्च कर्ज न काढता होतोय का? तुला ओळखणारी दोन वडीलधारी माणसं, जी या दौऱ्यात गुंतलेली नाहीत, काय म्हणतात? यजमानांना तुझ्यासारखी नर्स खरंच हवी आहे का? ही उत्तरं "हो" येत असतील आणि मनात जाण्याची ओढ असेल, तर आवाजाची वाट बघत बसू नकोस. येत नसतील तर या वर्षी थांबणं हीसुद्धा आज्ञापालनाचीच एक रीत आहे. दौरा पुढच्या वर्षीही निघेल.

पुढाऱ्यांशी एकटी बोल, गटासमोर नको. "दादा, मी गोळ्या घेणार आहे, विमाही काढणार आहे, आणि तुमच्याबरोबर उपासही करणार आहे" असं सांग. परवानगी मागू नकोस, कळव. ते ऐकून घेतील अशी माझी आशा आहे. चांगले पुढारी बहुधा ऐकतात, त्यांना फक्त कोणी वचनाच्या आधाराने सांगितलेलं नसतं. नाही ऐकलं तर पाळकसाहेबांकडे जा. आणि गटात गोळ्या घ्यायच्याच नाहीत असा नियम राहिला, तर तू जाऊ नकोस. हे मी विचार करून लिहितेय. जो पुढारी दुसऱ्याच्या शरीरावर आपल्या विश्वासाची पैज लावतो, तो परक्या देशात ताप आल्यावर तुला वेळेत रुग्णालयात नेईल याची खात्री मला नाही.

आईला या सगळ्यात सोबत घे. तिला गोळ्यांचं पाकीट, विम्याचा कागद, यजमानांचा फोन नंबर दाखव. घरच्या प्रार्थनागटात तिलाच पहिली घे. काळजी करणारी आई सगळ्यांत नेमाने प्रार्थना करते.

परत आल्यावरचं एक सांगून थांबते, कारण तिथेच लोक ढिलाई करतात. घरी पोचलो, देवाने राखलं, आभारस्तुती झाली, की गोळ्या बंद. तसं करू नकोस. डॉक्सीसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन असेल तर पूर्ण चार आठवडे घे. पुढचे तीन महिने, आणि तसं पाहिलं तर वर्षभर, ताप आला की त्याच दिवशी रक्त तपास आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांग की मी केनियाला जाऊन आले. जुलै-ऑगस्टमध्ये नाशिकला ताप आला की सगळे डेंग्यू किंवा व्हायरल धरतात, फाल्सिपेरमचा विचार मागे राहतो. गटातल्या प्रत्येकाच्या घरी हे एका कागदावर लिहून फ्रिजवर लावायला सांग. डॉक्टरांनी तुला कोणती गोळी सुचवली ते मला इथेच कळव, तारखा धरून कधी सुरू करायची आणि कधी थांबवायची ते आपण मिळून मांडू.